समजून घ्या : ऑपरेशननंतरची ३६ वर्षं, ख्रिस्टीन जॉर्गनसन कोण होत्या आणि त्यांचं आयुष्य आज का महत्त्वाचं आहे?

राजूर (जि. यवतमाळ) : वणी तालुक्यातलं राजूर हे कोळसा खाणीचं गाव. इथल्या चौकात असो, वणीच्या बसस्थानकावर असो किंवा नागपूरला जाणाऱ्या गाडीत असो, एखादी ट्रान्स स्त्री समोर आली की लोकांच्या मनात पहिला प्रश्न ठरलेला असतो : हिचं ऑपरेशन झालंय का? झालं असेल तर लगेच दुसरा : मग आता लग्न करता येतं का? नवरा-बायकोसारखं राहता येतं का?

प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळालं की तो आपल्या वाटेने निघून जातो. जिचं ऑपरेशन झालेलं असतं, तिचं आयुष्य मात्र तिथून पुढे सुरू होतं. आरशात दिसणारं शरीर आता आपलं वाटतं का, कुणाच्या जवळ जाताना भीती वाटते का, आपल्यावर प्रेम करणारा माणूस चारचौघांत आपला हात धरेल का, हे तिचे प्रश्न असतात.

७० वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका महिलेला हे सगळे प्रश्न जाहीरपणे, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झेलावे लागले. त्यांचं नाव ख्रिस्टीन जॉर्गनसन. शस्त्रक्रियेनंतर त्या ३६ वर्षं जगल्या. त्यांचं आयुष्य पाहिलं तर शस्त्रक्रियेने काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे नीट समजतं.

आधी दोन शब्दांचा अर्थ

जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण स्वतःची ओळख स्त्री अशी असलेली व्यक्ती म्हणजे ट्रान्स स्त्री. आपण ज्याला लिंगबदल शस्त्रक्रिया म्हणतो, तिला डॉक्टर आता लिंग पुष्टी शस्त्रक्रिया म्हणतात. कारण व्यक्तीची ओळख आधीपासूनच असते, शस्त्रक्रिया शरीराला त्या ओळखीशी जुळवते. प्रत्येक ट्रान्स स्त्री ही शस्त्रक्रिया करते असं नाही. काही जणी फक्त हार्मोन्स घेतात, काही जणी तेही घेत नाहीत.

या लेखात ख्रिस्टीन यांचा उल्लेख सुरुवातीपासून स्त्री म्हणूनच केला आहे.

सुताराच्या घरातलं बालपण

ख्रिस्टीन यांचा जन्म ३० मे १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. कुटुंब मूळचं डॅनिश. वडील सुतारकाम आणि बांधकामाची कंत्राटं घेत. घरात आई आणि मोठी बहीण. जन्मनोंद मुलगा अशी झाली आणि वडिलांचंच नाव, जॉर्ज, त्यांना मिळालं.

लहानपणी नाताळला त्यांना बाहुली हवी होती, पण मिळाली लाल रंगाची आगगाडी. मुलांच्या मारामाऱ्यांपासून त्या लांब राहत. किशोरवयात एका मित्राबद्दल ओढ वाटू लागली, तेव्हा गोंधळ आणखी वाढला. हे आकर्षण एका मुलाला मुलाबद्दल वाटणारं नाही, आतून आपण मुलगी आहोत म्हणून ते वाटतंय, असं त्यांना जाणवत होतं. पण त्या काळी त्यासाठी शब्दच नव्हता. कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं, हेच कळत नव्हतं.

१९४५ मध्ये शालेय शिक्षण संपलं आणि सैन्यात भरतीचा आदेश आला. वय १९. त्यांना न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स तळावर कारकुनी काम मिळालं. १९४६ च्या अखेरीस त्या सन्मानाने सेवामुक्त झाल्या. पुढे वर्तमानपत्रांनी याच माजी सैनिक ओळखीचा पुरेपूर वापर केला.

उत्तर कुठे सापडलं?

सैन्यातून आल्यावर त्यांनी फोटोग्राफीचं शिक्षण घेतलं. याच काळात त्यांच्या हातात हार्मोन्सवरचं एक लोकप्रिय पुस्तक पडलं. पुरुष आणि स्त्री यांच्यातला फरक काही प्रमाणात तरी रसायनांचा आहे, हे वाचून त्यांना वाट दिसली. त्यांनी वैद्यकीय सहाय्यकाचा अभ्यासक्रम सुरू केला आणि स्त्री हार्मोनच्या गोळ्या स्वतःच घ्यायला सुरुवात केली. नंतर ओळखीच्या एका डॉक्टरांनी मदत केली. (आज डॉक्टर हे करू नका असंच सांगतात. तपासणीशिवाय घेतलेल्या हार्मोन्समुळे रक्तात गुठळ्या होण्याचा आणि यकृताला इजा होण्याचा धोका असतो.)

युरोपात असे उपचार होतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्याआधी डॅनिश चित्रकार लिली एल्बे यांच्यावर जर्मनीत शस्त्रक्रिया झाल्या होत्या. मात्र शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर १९३१ मध्ये ड्रेस्डेन शहरात त्यांचा मृत्यू झाला. धोका किती मोठा होता, हे यावरून लक्षात येतं.

१९५० मध्ये ख्रिस्टीन जहाजाने डेन्मार्कला निघाल्या. खरं कारण त्यांनी आई-वडिलांना सांगितलं नव्हतं.

कोपनहेगनमध्ये काय घडलं?

कोपनहेगनमध्ये त्यांची भेट हार्मोनतज्ज्ञ डॉ. ख्रिश्चन हॅम्बर्गर यांच्याशी झाली. त्यांनी ख्रिस्टीन यांना वेड्यात काढलं नाही. संशोधनात सहभागी होण्याच्या अटीवर मोफत उपचार देऊ केले. महिनोन्‌महिने हार्मोन्सचा डोस कमी-जास्त करून परिणाम तपासले गेले. रोजची लघवी बाटलीत साठवून प्रयोगशाळेत द्यावी लागे. मानसोपचारतज्ज्ञांकडूनही तपासणी झाली.

डेन्मार्कच्या न्याय मंत्रालयाची खास परवानगी मिळाल्यावर २४ सप्टेंबर १९५१ रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली. तीत वृषण काढले गेले. नोव्हेंबर १९५२ मध्ये दुसरी झाली, तीत पुरुष जननेंद्रिय काढलं गेलं. डॉ. हॅम्बर्गर यांच्या ख्रिश्चन या नावावरून त्यांनी स्वतःसाठी ख्रिस्टीन हे नाव निवडलं.

दोन्ही शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात, जून १९५२ मध्ये, त्यांनी घरी पत्र लिहिलं. निसर्गाने केलेली चूक आपण दुरुस्त करून घेतली आहे आणि आता आपण तुमची मुलगी आहोत, असा त्याचा आशय होता. आई-वडिलांना धक्का बसला, पण त्यांनी नातं तोडलं नाही. पुढच्या सगळ्या गदारोळात ख्रिस्टीन उभ्या राहिल्या, त्यात या आधाराचा वाटा मोठा होता.

बातमी फुटली आणि...

१ डिसेंबर १९५२. न्यूयॉर्कच्या डेली न्यूज या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर ही बातमी छापली. माजी सैनिक सोनेरी केसांची सुंदरी झाला, असा सूर होता. ख्रिस्टीन तेव्हा कोपनहेगनच्या रुग्णालयातच होत्या. जगातली ही पहिली शस्त्रक्रिया असल्यासारख्या बातम्या पसरल्या, प्रत्यक्षात ती पहिली नव्हती.

फेब्रुवारी १९५३ मध्ये त्या न्यूयॉर्कला परतल्या, तेव्हा विमानतळावर पत्रकारांची झुंबड उडाली. फोटो, मुलाखती, कार्यक्रमांची निमंत्रणं यांचा पूर आला. मार्चमध्ये न्यूयॉर्कमधल्या स्कँडिनेव्हियन संस्थांनी त्यांना वर्षातली मानाची महिला म्हणून गौरवलं.

काही आठवड्यांतच वारं फिरलं. एप्रिल १९५३ मध्ये न्यूयॉर्क पोस्टने लेखमाला छापली. ख्रिस्टीन यांच्या शरीरात स्त्रीचे अवयव नाहीत, म्हणून त्या स्त्री नाहीतच, असा तिचा रोख होता. लेखमालेत त्यांचा उल्लेखही पुल्लिंगी केला गेला. कालपर्यंत केस आणि कोट पाहणारे लोक आता त्यांच्या कपड्यांच्या आत काय आहे, याची चर्चा करू लागले. तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या.

तिसरी शस्त्रक्रिया : कुणासाठी?

तोवर झालेल्या दोन शस्त्रक्रियांमध्ये योनीमार्ग तयार केलेला नव्हता. ती शस्त्रक्रिया १९५४ मध्ये अमेरिकेत झाली. यावेळी हार्मोनतज्ज्ञ डॉ. हॅरी बेंजामिन सल्लागार होते. ट्रान्स व्यक्तींवरच्या उपचारांत पुढे त्यांचं नाव फार मोठं झालं.

या तारखांमध्ये एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. ख्रिस्टीन यांनी नाव घेतलं, आई-वडिलांना कळवलं आणि जगासमोर स्त्री म्हणून उभ्या राहिल्या, ते तिसऱ्या शस्त्रक्रियेच्या आधी. स्वतःकडे पाहण्याची त्यांची नजर हार्मोन्स सुरू झाल्यापासूनच बदलत गेली होती. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी मे १९५३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. एखाद्या एका ऑपरेशनच्या दिवशी माणूस बदलला, असं चित्र त्यातून दिसत नाही. हार्मोन्स, समुपदेशन, शस्त्रक्रिया आणि रोजचं जगणं असा तो टप्प्याटप्प्याचा प्रवास होता.

बातम्या वाचून जगभरातून डॉ. हॅम्बर्गर यांना पत्रं येऊ लागली. १९५३ मध्ये त्यांनी अशा ४६५ स्त्री-पुरुषांच्या पत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण एकट्या आहोत असं समजून वाढलेल्या ख्रिस्टीन यांच्यासारखीच माणसं सगळीकडे होती.

लग्न का होऊ शकलं नाही?

ख्रिस्टीन यांना संसार हवा होता. त्यांचा एका पुरुषाशी साखरपुडा झाला आणि तो मोडला. नंतर एका टायपिस्टशी लग्न ठरलं. १९५९ मध्ये दोघं विवाहाचा परवाना काढायला न्यूयॉर्कच्या कार्यालयात गेले.

परवाना नाकारला गेला. कारण एकच : जन्मदाखल्यावर पुरुष अशी नोंद होती. तीन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, डॉक्टरांची मान्यता होती, जग त्यांना ख्रिस्टीन म्हणून ओळखत होतं. कार्यालयासाठी ३३ वर्षांपूर्वीचा कागद शेवटचा शब्द ठरला.

बातमी छापून आली आणि त्यांच्या होणाऱ्या नवऱ्याची नोकरी गेली. हे नातंही टिकलं नाही. ख्रिस्टीन यांचं पुढे लग्न झालं नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या जवळिकीबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा शरीरापाशी थांबतो. ख्रिस्टीन यांच्या बाबतीत अडथळा शरीराने आणला नव्हता. तो एका दाखल्याने आणला आणि त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला किंमत मोजायला लावणाऱ्या समाजाने आणला. ट्रान्स स्त्रीचा जोडीदार चारचौघांत नातं मान्य करायला का कचरतो, याचं उत्तर या नोकरी गेलेल्या टायपिस्टकडे पाहिलं की मिळतं.

मग त्यांनी काय केलं?

नेहमीची नोकरी मिळणं अशक्य झालं होतं, कारण चेहरा सगळ्यांना माहीत होता. मग त्यांनी त्याच प्रसिद्धीवर पोट भरायचं ठरवलं. डेन्मार्कमध्ये असताना त्यांनी तिथल्या जीवनावर रंगीत चित्रफीत बनवली होती. १९५३ मध्ये ती घेऊन त्या प्रेक्षकांसमोर गेल्या. त्याच वर्षी नाइट क्लबमधले गाण्याचे आणि विनोदाचे कार्यक्रम सुरू झाले. लोक त्यांना बघायला यायचे. आपल्याला कसं बघायचं, हे मात्र त्या ठरवत होत्या. कपडे, केस, बोलणं यात जराही गबाळेपणा नसे.

कमाईतून लाँग आयलंडवरच्या मॅसापेक्वा इथे घर झालं. सुतार वडिलांनी ते बांधलं आणि आई-वडील त्यांच्यासोबत तिथे राहिले. आई-वडिलांच्या निधनानंतर १९६७ मध्ये त्या कॅलिफोर्नियाला गेल्या. त्याच वर्षी त्यांचं आत्मचरित्र आलं आणि १९७० मध्ये त्यावर चित्रपट निघाला.

स्वतःच्या शयनगृहाचा दरवाजा त्यांनी मात्र बंदच ठेवला. डिक कॅव्हेट यांच्या टीव्ही कार्यक्रमात यजमानांनी त्यांच्या खासगी संबंधांबद्दल खोचक प्रश्न विचारला, तेव्हा त्या उठून निघून गेल्या. १९७० मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी एका राजकीय विरोधकाची खिल्ली उडवण्यासाठी त्यांचं नाव वापरलं. ख्रिस्टीन यांनी थेट माफीची मागणी केली. ती मिळाली नाही, पण त्या गप्प बसल्या नाहीत.

सत्तरच्या दशकात त्या महाविद्यालयांमध्ये व्याख्यानं देऊ लागल्या. कोणासोबत झोपतो ही एक गोष्ट आणि आपण कोण आहोत ही दुसरी, हा फरक त्या तरुणांना समजावून सांगत.

३ मे १९८९ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन क्लेमेंटे इथे कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय ६२.

आज शस्त्रक्रियेनंतर शरीरात काय होतं?

ख्रिस्टीन यांच्या काळात हे तंत्र प्रयोगाच्या टप्प्यावर होतं. आज ते बरंच पुढे गेलं आहे. थोडक्यात :

- संवेदना : आधीच्या जननेंद्रियाची त्वचा आणि नसा जपून नवे अवयव घडवले जातात. त्यामुळे अनेकींना लैंगिक सुखाची संवेदना राहते. मात्र नसांना सावरायला कित्येक महिने लागू शकतात.
- घाई नको : शरीरसंबंधासाठी साधारण तीन महिने थांबायला सांगितलं जातं. नेमकी वेळ सर्जन तपासून ठरवतात.
- डायलेटर : नवा योनीमार्ग आकसू नये म्हणून ठरावीक मापाचं उपकरण नियमित वापरावं लागतं. सुरुवातीला रोज, नंतर कमी वेळा. कंटाळून सोडून दिलं तर मार्ग अरुंद होतो आणि संबंध वेदनादायक ठरतात.
- ओलावा : त्वचेपासून केलेल्या मार्गात नैसर्गिक ओलावा फारसा नसतो, त्यामुळे वंगण जेल वापरावं लागतं.
- इच्छा : हार्मोन्समुळे कामेच्छा कमी होऊ शकते किंवा तिचं स्वरूप बदलू शकतं. यात आपलं काही बिघडलं असं समजण्याचं कारण नाही.
- काळजी : गर्भधारणा होत नाही, पण लैंगिक आजार होऊ शकतात. त्यामुळे कंडोम गरजेचा. प्रोस्टेट ग्रंथी शरीरात राहते, त्यामुळे तिची तपासणीही विसरू नये.

मनाचं काय? ७,९२८ रुग्णांची नोंद असलेल्या २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लिंग पुष्टी शस्त्रक्रियेचा पश्चात्ताप झालेल्यांचं प्रमाण सुमारे १ टक्का आढळलं. म्हणजे शरीराशी चाललेलं भांडण बहुतेकींचं मिटतं. पण वर्षानुवर्षं ऐकलेले टोमणे टाक्यांसोबत निघत नाहीत. काही जणींना नवं शरीर मिळाल्यावरही दिवा लावून जवळ येताना संकोच वाटतो. जोडीदार आपल्याला पूर्ण बाई मानतो का, ही शंका छळते. म्हणून ऑपरेशनआधी जसं समुपदेशन होतं, तसं ते नंतरही लागतं, आणि जोडीदारालाही लागतं.

भारतात कागदाचा प्रश्न सुटला का?

१९५९ मध्ये ख्रिस्टीन ज्या कागदापाशी अडल्या, त्याबाबत भारतात गेल्या काही वर्षांत महत्त्वाचे निर्णय झाले.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा खटल्यात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार मान्य केला. आपली ओळख मान्य व्हावी म्हणून शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, असंही स्पष्ट केलं. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या खटल्यात सहभागी होत्या.

२०१९ मध्ये संसदेने ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. शस्त्रक्रिया आणि हार्मोन उपचारांची सोय, तसंच शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर समुपदेशन, ही सरकारची जबाबदारी असल्याचं त्यात नमूद करण्यात आलं. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने हिंदू विवाह कायद्यातल्या वधू या शब्दात ट्रान्स स्त्रीचाही समावेश होतो, असा निकाल दिला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. पण ट्रान्स स्त्री आणि पुरुष यांच्यासारख्या जोडप्यांना सध्याच्या विवाह कायद्यांखाली लग्न करता येतं, हे मान्य केलं.

म्हणजे न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्टीन यांना जे नाकारलं गेलं, ते मागायला राजूरची एखादी ट्रान्स स्त्री आपल्या जोडीदारासोबत विवाह नोंदणी कार्यालयात गेली, तर तिच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. शस्त्रक्रियेसाठी तिला मोठं शहर गाठावं लागेल. पण टाके काढून ती परतेल ती गावातच. नंतरच्या तपासण्या, डायलेटरची रोजची वेळ, मनात येणाऱ्या शंका आणि समोरच्यांच्या नजरा, हे सगळं तिला घरी राहूनच निभवायचं आहे. त्या घरात तिला मुलगी म्हणून हाक मारणारं कुणी आहे का, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. ख्रिस्टीन यांच्या नशिबाने त्यांच्या मॅसापेक्वाच्या घरात अशी दोन माणसं होती.